तळ्याकाठी दोन रात्री

थंडी पडू लागली की घरातील वडीलधाऱ्यांचे जग आक्रसत जाते. सकाळचे फिरणे थांबते, देवळात जाणे लांबणीवर पडते आणि दिवस एका खोलीपुरता, एका खुर्चीपुरता उरतो. ‘या वयात आता कोठे प्रवास?’ हा प्रश्न आधी मुले विचारतात. पुढे ज्येष्ठ स्वतःच तो विचारू लागतात. आपल्याला रक्तदाब, मधुमेह किंवा गुडघेदुखी असेल, पण प्रकृती स्थिर असेल आणि काठीच्या आधाराने थोडे चालता येत असेल, तर या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला आहे.

भंडारा आणि गोंदिया हे तलावांचे जिल्हे. येथील बहुतेक तळी निसर्गदत्त नाहीत. ती माणसांनी बांधली आहेत. भातशेतीला पाणी मिळावे म्हणून कोहळी समाजातील जाणत्यांनी उतार ओळखून मातीच्या पाळी घातल्या. पुढे मालगुजारांच्या ताब्यात आलेली तळी आजही ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणून ओळखली जातात. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, अशी परंपरा सांगते. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांनी आपल्या सेवाकाळातील अनेक वर्षे याच परिसरात घालवली. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील या एकाच तळ्याकाठी दोन रात्री राहावे, एवढाच बेत आपण आखावा.

मुंबईहून सायंकाळी निघणारी विदर्भ एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास गोंदियाला पोहोचवते. कोल्हापूरहून पुण्यामार्गे येणारी महाराष्ट्र एक्स्प्रेसही गोंदियापर्यंत जाते. मात्र तो प्रवास एका दिवसाहून अधिक असल्याने मध्ये नागपुरात मुक्काम करणे हिताचे. आरक्षण करताना खालच्या शायिकेचा कोटा लक्षात ठेवावा. ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रिया एकट्याने किंवा दोघांनी मिळून प्रवास करत असतील, तर त्यांना तो मागता येतो. गाडीत दर तासा-दीड तासाने, कोणाचा तरी हात धरून, डब्यातच चार पावले टाकावीत. बसल्या जागी घोटे फिरवावेत. लघवीला वारंवार जावे लागेल या धास्तीने पाणी पिणे सोडू नये. उतारवयात तहान मुळातच कमी जाणवते आणि थंडीत ती आणखी कमी होते.

गोंदियाहून नवेगावबांध साठेक किलोमीटरवर आहे. रात्रभराच्या प्रवासानंतर लगेच एसटी गाठण्याची घाई नको. वय पंचाहत्तरीच्या पुढे असेल तर पहिली रात्र गोंदियातच विसावावे आणि दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर निघावे. एसटीत ६५ ते ७५ या वयोगटाला अर्धे तिकीट आहे, ७५ वर्षांवरील प्रवास विनामूल्य आहे आणि स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. यासाठी आधारकार्ड हाताशी असावे. मागच्या आसनांवर हिसके अधिक बसतात, म्हणून पुढची किंवा मधली जागा घ्यावी. बसची पायरी उंच असते; चढताना सोबत्याने मागे आणि उतरताना पुढे उभे राहावे.

निवासस्थान ठरवताना दूरध्वनीवरून चार गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, आंघोळीला गरम पाणी किती वाजेपर्यंत मिळते आणि जवळचे रुग्णालय कोठे आहे. औषधे दोन दिवस अधिकची घ्यावीत. ती मोठ्या सामानात न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवावीत आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी. डासांसाठी मच्छरदाणी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत.

या भागात हिवाळ्यात पहाटेचा पारा अनेकदा १० अंशांच्या खाली उतरतो. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. म्हणून हृदयविकार असलेल्यांनी सूर्योदय पाहण्याचा हट्ट धरू नये. आठ-नऊ वाजता, कोवळ्या उन्हात, कानटोपी घालून तळ्याकाठी यावे. पक्षी तोवर कोठे जात नाहीत. उत्तरेकडून हिवाळ्यासाठी आलेली बदके पाण्यावर तरंगत असतात, ढिवरांच्या होड्या दूरवर दिसतात आणि पलीकडे डोंगरांची निळसर रांग असते. गोंदिया हा सारसांचा जिल्हा. भाताच्या बांधीत उंच मानेची ती जोडी दिसली तर भाग्यच. नजर अधू असणाऱ्यांनी डोळे मिटून ऐकावे. पाण्यावरून आवाज दूरवर येतात. बाजारात शिंगाडे मिळाले तर उकडून खावेत. ते पिष्टमय असतात, म्हणून मधुमेहींनी जेवणातील भात तेवढा कमी करावा.

येथे आल्यावर एक मोह मात्र आवरावा. नवेगाव-नागझिरा २०१३ पासून व्याघ्रप्रकल्प आहे, त्यामुळे ‘एवढे आलो आहोत तर पहाटेची सफारीही करू’ असा आग्रह होतोच. उघड्या जीपमधील गार वारा आणि कच्च्या वाटेवरचे धक्के ठिसूळ झालेल्या मणक्यांना सोसत नाहीत. तरुणांनी खुशाल जावे. ज्येष्ठांनी ‘मी येथेच बसतो’ असे म्हटले तर तो त्यांचा नकार नव्हे, निवड समजावी.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठीही दोन शब्द. आपण सोबत जाता तेव्हा घरातील कामाचा भार प्रवासात जसाच्या तसा नेऊ नका. शक्य असल्यास तिसरी व्यक्ती बरोबर घ्या. दिवसातील दोन तास तिच्याकडे सोपवून आपण एकटे पाळीवरून चालून या. ज्यांना विस्मरणाचा त्रास आहे त्यांना नव्या खोलीत रात्री गोंधळायला होते. मंद दिवा चालू ठेवा आणि घरातील ओळखीची चादर न्या. सगळी काळजी घ्या, पण प्रत्येक निर्णय आपणच घेऊ नका. कोणत्या बाजूला बसायचे, किती वेळ बसायचे, चहा कधी घ्यायचा, हे त्यांना ठरवू द्या. आजारपणात माणसाच्या हातून प्रथम निसटते ते हे ठरवणेच.

परतल्यावर एक दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेवावा. पाहुणे नकोत, तपासण्याही नकोत. पाय सुजले असतील तर उंचावर ठेवावेत. एकाच पायाला सूज किंवा वेदना असेल किंवा धाप लागत असेल, तर विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे. काहीच त्रास नसेल, तर पुढच्या हिवाळ्यात कोणत्या तळ्यावर जायचे हे घरातील सर्वांत मोठ्या माणसाला विचारावे, आणि उत्तराची वाट पाहावी.