मुकुट उतरल्यानंतर

गेल्या श्रावणात माझे यजमान न्हाणीघरात घसरून पडले. सुदैवाने हाड मोडले नाही. परंतु मनाने ते जे खचले, ते सावरेनात. तरुणपणी त्यांनी अनेक जत्रांमधील कुस्त्यांचे फड गाजवले होते. जिंकलेली एक गदा आजही आमच्या भांडगावच्या घरी ओसरीवर टांगलेली आहे. वयाच्या ७६ व्या वर्षी गुडघे झिजले, डॉक्टरांनी काठी वापरण्यास सांगितले आणि ह्यांनी स्वच्छ नकार दिला. "ज्या गावाने मला खांद्यावरून मिरवले, त्याच गावातून काठी टेकत जाऊ?"

पुढे पारावर जाणे थांबले, जेवण कमी झाले, झोप उडाली. मी त्याला हट्ट समजून चिडत असे. डॉक्टरांनीच मला समजावले की, अशी उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर ती केवळ वयाची खूण मानू नये. ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. औषध सुरू झाले.

दिवाळीत पुण्याहून परिचारिकेचे शिक्षण घेणारी नात आली. बोलता बोलता मी तिला माझी एक जुनी आठवण सांगितली. नोव्हेंबर १९६६ मध्ये रीटा फारिया लंडनमध्ये मिस वर्ल्ड झाली, तेव्हा मी ११ वर्षांची होते. वडिलांनी वर्तमानपत्रातील तिचे छायाचित्र आम्हा बहिणींना कौतुकाने दाखवले होते. गोमंतकीय आईवडिलांची ही मुंबईकर मुलगी तेव्हा ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होती. हा किताब मिळवणारी ती आशियातील पहिली स्त्री. वर्षभराचा मान संपल्यावर चित्रपटांचा मोह टाळून ती पुन्हा वैद्यकाकडे वळली. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात तिने पुढील शिक्षण घेतले, १९७१ मध्ये डॉ. डेव्हिड पॉवेल यांच्याशी विवाह केला आणि १९७३ पासून डब्लिनमध्ये संसार व डॉक्टरकी सांभाळली.

"मग मुकुटाचे काय झाले?" खाटेवरून ह्यांनी विचारले.

"तो वर्षापुरताच असतो, आजोबा. पुढच्या वर्षी दुसरीच्या डोक्यावर जातो."

थोडा वेळ शांततेत गेला. मग हे म्हणाले, "तिच्याकडे दवाखाना होता. माझ्याकडे काय उरले आहे?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मात्र तो रात्रभर माझ्या मनात राहिला. इतके दिवस मी त्यांना काठी घ्या, गोळी घ्या, असे सांगत होते. त्यांना कोणी काही विचारावे, हे मला सुचलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी मी तालमीतील वस्तादांना गाठून विनंती केली, "संध्याकाळी दोन पोरे आमच्या ओसरीवर पाठवा."

पोरे आली. हे खाटेवरूनच डाव समजावू लागले. आठवडाभराने एका पोराला ढाक काही केल्या जमेना. "अरे, हे बसून सांगता येत नाही. मातीतच दाखवले पाहिजे," असे म्हणत हे उठले आणि माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "ती काठी कुठे आहे?"

नातीने काठीची उंची मनगटाच्या घडीइतकी करून घेतली. उजवा गुडघा अधिक दुखतो, म्हणून काठी डाव्या हाती दिली. न्हाणीघरात धरायला दांडा बसवला, पायाखाली न घसरणारी चटई घातली. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज चालू आहेत.

सगळेच दिवस सारखे नसतात. काही सकाळी ते अजूनही भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. तेव्हा मी आग्रह करीत नाही. चहा ठेवते आणि जवळ बसते. परंतु संध्याकाळी पोरांची हाक आली, की बहुधा उठतात. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचाही असा एखादा मुकुट कधीतरी उतरलेला असेल. त्यांना औषध वेळेवर द्यावेच; त्याबरोबर त्यांना येणारे काहीतरी त्यांच्याकडून शिकूनही घ्यावे.