दीडाचे अंतर

शब्दांचे वजन करण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने आकड्यांच्या बाबतीत बेसावध असू नये. पण मी होतो. विदर्भातील आमच्या संत्र्याच्या बागेची पाने पिवळी पडू लागली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. वडिलांनी मातीची तपासणी करविली. एक भाग माती अडीच भाग पाण्यात ढवळून काढलेला आकडा अहवालात होता : सामू ८.५. सुट्टीत घरी आलेल्या माझ्यापुढे त्यांनी तो कागद धरला. सात म्हणजे उदासीन, एवढेच मला शाळेपासून ठाऊक होते. मी म्हणालो, ''बाबा, दीडाचाच तर फरक आहे.''

''दीड म्हणजे किती रे?'' त्यांनी विचारले. मी हसलो. शिकलेल्या मुलाचे हसणे त्यांनी प्रमाण मानले.

परवा येथील अतिथिगृहात सदऱ्यावरचा वरणाचा डाग धुऊ लागलो, तो साबण लागताच तांबडा झाला आणि तो कागद आठवला. हळद आम्लात पिवळीच राहते, आम्लारीत तांबडी होते. रंग बाजू सांगतो. अंतर सांगत नाही. ते सांगण्यासाठी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये ही मोजपट्टी रचली. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याच्या एका लिटरात हायड्रोजन आयन असतात एका मोलचा कोटीवा भाग. कोटीत एकावर सात शून्ये; म्हणून सामू सात. सोरेन्सन यांनी शून्यांचे लटांबर टाकून दहाचा घातांक तेवढा ठेवला. मराठीने त्या परक्या चिन्हाला 'सामू' म्हटले. गावातल्या एखाद्या गड्याचे नाव वाटावे असे. त्या घरगुतीपणाने मला फसविले.

कारण या पट्टीवरची प्रत्येक पायरी दहा पटींची आहे. बेरजेसारखा दिसणारा आकडा आतून गुणाकार असतो. गणितातल्या 'घात' या शब्दाला मराठीत दुसराही अर्थ आहे, हे भाषेच्या अभ्यासकाला सुचावयास हवे होते. चुनखडीच्या त्या मातीत लोह होते, पण मुळांना घेता येईल इतके ते विरघळत नव्हते.

वेळीच उपाय केला असता तर बाग वाचलीच असती, असे मी म्हणत नाही. झाडे तोडली त्या दिवशी वडील मला काही बोलले नाहीत. परंतु त्यांनी विचारलेला प्रश्न नेमका होता आणि त्याला उत्तरही होते : सुमारे बत्तीस पट.