जुलैत दार तासू नये

खडकी बाजाराच्या मागच्या बाजूला एक जुनं बैठं घर आहे. त्याच्या दारावर, वरच्या बिजागरीला लागून, पेन्सिलीनं लिहिलंय : ‘पावसात रंधा मारू नये.’ सही नाही, तारीख नाही. अक्षर मात्र ठसठशीत, ड्रॉइंगच्या कागदावर मापं लिहिणाऱ्या माणसाचं. दाराला त्यानंतर बऱ्याचदा ऑइलपेंट बसलेला दिसतो आणि प्रत्येक रंगाऱ्यानं तेवढी चार बोटं जागा सोडून ब्रश फिरवलेला आहे. पुण्यात पाट्यांना तोटा नाही, पण त्या बहुतेक परक्यांना उद्देशून असतात. ही घरच्यांसाठी आहे, आणि पुणेरी पाटीच्या मानानं तिच्यात उपयोगाची माहिती जरा जास्तच आहे.

पुण्यात जुलै लागला की दारं अडायला लागतात. आधी न्हाणीघराचं, मग बाल्कनीचं, शेवटी बाहेरचं. चार दिवस खांद्यानं ढकलून झालं की घरातलं कुणीतरी वैतागतं, सुतार येतो आणि कड दोन सूत तासून देतो. सुतारांच्या हिशेबात आठ सूत म्हणजे एक इंच. तेव्हा दोन सूत काही थोडंथोडकं नव्हे. दार लोण्यासारखं लागतं, सगळे खूश. एप्रिलात तेच दार इतकं आकसतं की फटीतून जिन्यातला उजेड घरात येतो आणि उजेडाच्या मागोमाग झुरळं. मग पुन्हा सुतार, या वेळी पट्टी ठोकायला. दारावर लिहून ठेवणाऱ्या त्या गृहस्थानं एकदा का होईना दोन्ही वेळचे पैसे मोजलेले असणार.

यात लाकडाचा काही दोष नाही. झाड तोडलं, फळ्या काढल्या, त्याला शंभर वर्षं झाली तरी लाकूड हवेतलं पाणी पीत राहतं आणि सोडत राहतं. पण सगळ्या दिशांना सारखं नाही. सागाचं ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत वर्षवलयांच्या अंगानं साधारण ६ टक्के आकसतं, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेनं अडीच टक्क्यांच्या आसपास, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून दार पावसात रुंद होतं, उंच होत नाही. साग त्यातल्या त्यात शहाणा. बाभूळ, आंबा यांचे नखरे जास्त. जुन्या सुतारांनी यावर तोडगा काढला तो पॅनेलच्या दाराचा. चारी बाजूंना अरुंद पट्ट्यांची चौकट, पट्ट्यांना आतून खाच, आणि खाचेत पातळ फळी नुसती सरकवलेली. ती फळी चिकटवायची नाही, खिळायची नाही. पावसाळ्यात ती खाचेतल्या खाचेत फुगते, उन्हाळ्यात आकसते, बाहेरच्या मापाला त्याचा पत्ताही लागत नाही. हौशी माणूस असं दार दुरुस्त करायला घेतो तेव्हा पहिली गोष्ट करतो ती म्हणजे त्या खाचेत भरपूर फेव्हिकॉल ओततो. पुढच्या उन्हाळ्यात फळी उभी तडकते.

आणि अडणारं प्रत्येक दार फुगलेलंच असतं असंही नाही. दार अर्धं उघडावं, मूठ धरून वर उचलावं. हाताला हिसका लागला, दार खुळखुळलं, तर ते फुगलेलं नाही, लोंबलेलं आहे. वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झालेत आणि दाराची पुढची कड खाली उतरलीय. इथं रंधा मारणं म्हणजे गुडघा दुखतो म्हणून चप्पल कापणं. स्क्रू काढावेत. भोकं बघावीत, करंगळी जाईल एवढी झालेली असतात आणि आत भुस्सा. यावर देव्हाऱ्यातच औषध मिळतं. अगरबत्ती जळून खाली जी बांबूची काडी उरते ती आगपेटीच्या काडीपेक्षा कितीतरी कठीण. अशा काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठासायच्या, आणखी एकही मावणार नाही इतक्या. रात्र जाऊ द्यायची. सकाळी वर आलेली टोकं पटाशीनं सपाट करायची, टोच्यानं बारीक खूण करायची आणि तोच जुना स्क्रू हातानं फिरवायचा, मशीननं नव्हे. शेवटच्या दोन आट्यांना तो कुरकुरतो. ती कुरकुर ऐकण्यासाठी तरी हे काम स्वतः करावं.

दार खरोखर फुगलेलं असेल तर थांबावं. चौकटीला खडू घासून दार लावावं. दाराच्या कडेवर जिथं खडू उमटेल तिथंच ते अडतं. तिथं पेन्सिलीची खूण करून ठेवावी आणि नोव्हेंबरपर्यंत खांद्यानं ढकलत राहावं. पाऊस सरला की निम्म्याहून जास्त दारं आपली आपण बरी होतात. उरतील त्यांना खुणेपुरता रंधा, आणि रंध्यानं उघड्या पडलेल्या लाकडाला त्याच दिवशी रंग किंवा पॉलिश. दाराची वरची आणि खालची कड बहुतेक घरांत कोरीच असते, कारण ती कुणाला दिसत नाही. पाणी नेमकं तिथूनच शिरतं. आरसा सरकवून बघितलं तर खालच्या कडेला रंगाऱ्याची अख्खी नियत दिसते.

कुलपाचं तसंच, तिथंही ऋतू विसरून चालत नाही. कुलूप कुरकुरलं की घरात हाताशी असतं ते खोबरेल. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं, हे केसांच्या बाटलीवरून प्रत्येकाला ठाऊक असतं, पण कुलपात घालताना आठवत नाही. पुण्याच्या जानेवारीत भल्या पहाटे किल्ली फिरेनाशी होते ती त्यामुळे. कुलपाला पेन्सिलीच्या शिसाची पूड पुरते.

असलं लिखाण दारावर सापडावं तर ते खडकीतच. इथल्या दारूगोळा कारखान्याची सुरुवात १८६९ची. लष्कराची चिलखती वाहनं खोलून पुन्हा उभी करणारं ५१२ आर्मी बेस वर्कशॉप इथं, पूल बांधणाऱ्या बॉम्बे सॅपर्सचं ठाणं इथं, १९४६ मध्ये सुरू झालेली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सही इथलीच. तीन-तीन पिढ्या भोंग्यावर उठल्या, डबा घेऊन सायकलनं गेल्या आणि संध्याकाळी त्याच हातांनी घरचा नळ उघडून वॉशर बदलला. अशा घरांतून प्लंबरला फोन करणं ही थोडी शरमेची गोष्ट असे. निवृत्त फिटरच्या घरातलं स्टूल ओळखू येतं : ते डुगडुगत नाही आणि हलवायला दोन माणसं लागतात.

लढाईसाठी तर खडकी प्रसिद्धच. ५ नोव्हेंबर १८१७. पेशव्यांची फौज पुण्यातून निघतानाच जरीपटक्याची काठी मोडली आणि लोकांनी तो अपशकुन मानला, असं जुन्या इतिहासांत येतं. सुताराच्या नजरेनं पाहिलं तर शकुनाचा प्रश्न येतच नाही. ज्या काठीत लाकडाच्या रेषा लांबीनं न जाता तिरक्या बाहेर पडतात, ती कधीतरी मोडणारच. हातोड्याचा दांडा घेतानासुद्धा दुकानात हेच बघावं : रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलीय का. दुकानदार कंटाळतो, कंटाळू द्यावं.

खडकीत आणखी एक जागा आहे, क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट. पहिल्या महायुद्धात हात-पाय गमावून परतलेल्या हिंदी सैनिकांना पोटापाण्याचं काम शिकवण्यासाठी १९१७ मध्ये ती मुंबईत निघाली, गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानं. पुढे खडकीला आली आणि अजून आहे. एका हातानं काम करणाऱ्याला पहिला धडा हत्याराचा नसतो, लाकूड घट्ट धरून ठेवण्याचा असतो. दोन हात शाबूत असलेली माणसं हा धडा टाळतात, फळी गुडघ्याखाली दाबून करवत चालवतात आणि मग टिटॅनसच्या इंजेक्शनसाठी रांगेत बसतात. हौशी सुतारकामातली निम्मी दुखणी व्हाइस नसल्यामुळे होतात.

फेव्हिकॉलचं नाव वर दोनदा आलं, तर त्याबद्दलही. १९५९ मध्ये तो बाजारात येईपर्यंत सुतार सरस वापरत. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला, दर वेळी तापवावा लागणारा, वासानं घर सोडायला लावणारा. फेव्हिकॉल काढणारे बळवंत पारेख हे कायद्याचं शिक्षण घेऊन वकिली न करणारे गृहस्थ. मुंबईत एका लाकूड व्यापाऱ्याकडे ते शिपाई होते आणि गोदामातच राहत. सुताराला काय हवंय हे कळायला त्याहून चांगली जागा कुठली?

आता मात्र घरात चिकटवण्याजोगं फारसं उरलेलं नाही. मॉड्युलर किचन म्हणून जे येतं ते बऱ्याचदा भुशाचं दाबून केलेलं असतं, वर चकचकीत सनमायका. त्याच्या दाराला ३५ मिलिमीटरचं गोल भोक पाडून बिजागरी बसवतात. सिंकखालचा सांधा एकदा गळला की तो बोर्ड खालून पावासारखा फुगतो, बिजागरी दारातून उपटून हातात येते आणि अगरबत्तीच्या काड्यांनी तिथं काहीही होत नाही. प्लायवुड त्यामानानं बरं, पण दुकानात ‘एमआर’ म्हणून देतात ते दमटपणाला टिकणारं, पाण्याला नव्हे. सिंकखाली घालायचं तर आयएस ७१०चा शिक्का बघून घ्यावं. जी वस्तू बिघडल्यावर फक्त फेकता येते, ती घरात घेताना दहा वेळा विचार करावा. वीस वर्षांचं कर्ज काढून घेतलेल्या घरात तर नक्कीच.

शाळेत हे शिकवत नाहीत का? शिकवतात, कार्यानुभव नावाचा विषय असतो. त्यात आदल्या रात्री आईनं केलेली कागदी फुलं शिक्षकांना दाखवायची असतात.

खडकीहून निघून शिरूर तालुक्यात, मस्तानीची कबर आहे त्या पाबळला गेलं, की वेगळं चित्र दिसतं. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात पीएचडी करून आले, मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या हुद्द्यावर होते, आणि १९८३ मध्ये ते सगळं सोडून पत्नी मीराताईंसह या कोरडवाहू गावात राहायला आले. त्यांनी काढलेल्या विज्ञान आश्रमाचं म्हणणं साधं होतं : मूल हातानं काम करता करता शिकतं, आणि काम खरं असावं लागतं. खोटंखोटं मॉडेल नव्हे. गावाच्या शाळेत आठवी ते दहावीच्या मुलामुलींना आठवड्यातला एक दिवस मिळायचा. त्यात वेल्डिंग, सुतारकाम, वायरिंग, बांधकाम, शेती, स्वयंपाक, रक्तगट तपासणं, सगळं आळीपाळीनं. मुलींनी वेल्डिंग आणि मुलांनी स्वयंपाक, यात त्यांना काही विशेष वाटत नसे. शाळेतलं बाक मोडलं तर मुलं दुरुस्त करायची, गावात कुणाला काही हवं असेल तर तेही करून द्यायची, आणि त्याचा खर्च किती, मजुरी किती, हे मांडायचं तो गणिताचा तास. एसएससी बोर्डानं हा विषय मान्य केला. पाबळचं घुमटाकार घर, त्रिकोणी सांगाड्यांचा तो ‘पाबळ डोम’, इथलाच. आणि २००२च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीनं आपल्या आवाराबाहेर फॅब लॅब, म्हणजे लेझर कटरसारखी यंत्रं असलेल्या कार्यशाळा, काढायला सुरुवात केली तेव्हा अगदी सुरुवातीच्या जागांमध्ये पाबळ होतं. कलबाग २००३ मध्ये गेले. आश्रम चालू आहे. दहावी नापास झालेला मुलगा लेझर कटर चालवताना बघायचा असेल तर तिथं जावं. पुण्यातल्या कितीतरी इंजिनिअरिंग कॉलेजांत तो कटर काचेच्या कपाटातल्या वस्तूइतकाच जपून ठेवलेला असतो.

लाकूड महाग आहे, ही तक्रार खरी. सागाला तर हात लावता येत नाही. पण पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत यंत्रं येतात ती लाकडी खोक्यांतून, आणि ते पाइनचं लाकूड भंगारवाल्यांकडे किलोवर मिळतं. घेताना फळीवरचा शिक्का बघावा. गव्हाच्या लोंबीचं चित्र, देशाची खूण आणि शेजारी दोन अक्षरं. ‘एचटी’ असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं आहे, खुशाल घ्यावं. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची विषारी धुरी दिलेली आहे. ते मुलांच्या खेळण्याला नको, स्वयंपाकघराला नको. दोन-तीन खोक्यांत चपलांचं कपाट होतं. ते भिंतीला बसवताना आधी सहाच्या बिटनं भोक पाडून गिट्टी ठोकावी, आणि बटनांच्या बोर्डच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल लावू नये, कारण वायर बहुधा तिथूनच गेलेली असते. विजेचं आणि गॅसचं काम मात्र जाणत्याकडून करून घ्यावं. हौस आपल्या जागी.

अडचण उरते ती जागेची. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये रंधा मारला तर भुस्सा आमटीत पडतो. बोपोडी, औंध रस्ता, खडकी स्टेशनच्या आसपास ज्या नव्या सोसायट्या उभ्या राहिल्यात, त्यांत जिम असते, क्लबहाउस असतं, वर्षातून दोनदा उघडणारा पार्टी हॉल असतो. पार्किंगच्या एका कोपऱ्यात एक जाड बाक, त्याला बोल्टनं आवळलेला व्हाइस, एक ड्रिल मशीन आणि कुलपाचं कपाट, एवढ्याला एका गणेशोत्सवाच्या मांडवापेक्षा कमी खर्च येईल. शिकवायला निवृत्त फिटर इमारतीतच सापडतील, त्यांना कुणीतरी विचारण्याचीच खोटी आहे. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. हा विषय आजच सेक्रेटरींकडे लेखी द्या.