पांढरा चेंडू

खालापूर तालुक्यातील एका फार्महाऊसवर आमच्या धर्मग्रामातील एक तरुण देखभालीचे काम करतो. पाहुणे निजले की तो तेथील पूल-टेबलावर एकटाच खेळत बसतो. “पोरगा वाया चाललाय, फादर, तुम्हीच समजवा,” असे वडिलांनी विनविले, तेव्हा उपदेश मनात जुळवून आम्ही कर्जतहून निघालो.

सेमिनरीत आमचा कॅरमचा हात बरा होता. म्हणून ‘नाइन-बॉल’ सोपा वाटला. टेबलावरील सर्वांत लहान आकड्याच्या चेंडूला पांढरा प्रथम लागला पाहिजे. नियमाने खेळून नवाचा चेंडू खिशात घालील तो जिंकला. आम्ही एक घातला, दोनही घातला. तीन मात्र इतरांच्या आड दडला.

“फादर, तुम्ही खिसा बघता. पांढरा कुठं थांबेल ते आधी बघायचं.”

मग त्याने करून दाखविले. सरळ फटक्यात मध्याच्या खाली मारले की पांढरा मागे येतो, वर मारले की पुढे जातो. बाजूला मारल्यास कडेवर आपटून निराळ्याच कोनात वळतो. नेम आम्हांसही होता. पुढच्या दोन चेंडूंची सोय पाहून आताचा मारणे, हे नव्हते. पुण्याच्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कोलकात्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी अजिंक्यपद जिंकले, हे अभिमानाने सांगणारे आम्हीच ना?

“पैसे लावतोस?”

“एकदा लावले. हात कापला. सोडलं.”

परतलो तेव्हा वडील दारातच उभे. “समजावलंत?”

“थोडे राहिले आहे,” आम्ही म्हणालो. “शनिवारी पुन्हा जावे लागेल.”