गेर्निका: तिथे कोण गेलं होतं?

गेर्निका म्हटलं की आपल्याला पिकासोचं चित्र आठवतं. पण ते गाव कुठल्या लढाईत जळलं, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून आज थोडं लांबलचक लिहितोय.

१९३७ साल. स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलेलं. माद्रिद काही हाती लागेना, तेव्हा फ्रँकोने मोर्चा उत्तरेकडे वळवला. तिथे बिल्बाओच्या आसपास डोंगर, डोंगरात लोखंडाच्या खाणी आणि नदीकाठी पोलादाचे कारखाने. हे ज्याच्या ताब्यात, त्याची बाजू भक्कम, असा सरळ हिशोब. ३१ मार्चला जनरल मोलाने हल्ला सुरू केला. डोंगरात पायदळ अडकायचं, मग वरून जर्मन आणि इटालियन विमानं बॉम्ब टाकायची. २६ एप्रिलला, सोमवारी, बाजाराच्या दिवशी, गेर्निकाची राख झाली.

माझ्यासारख्या बातमीदाराला खरी गोष्ट पुढे दिसते. फ्रँकोच्या लोकांनी जाहीर केलं, की आम्ही बॉम्ब टाकलेच नाहीत, पळता पळता त्यांनीच गाव पेटवलं! पण 'द टाइम्स'चा जॉर्ज स्टीअर त्याच रात्री जळत्या गावात पोचला होता. वाचलेल्या माणसांशी बोलला. आगलाव्या बॉम्बवरचे जर्मन शिक्के त्याने पाहिले. २८ एप्रिलला त्याची बातमी छापून आली. पिकासोलाही पॅरिसमध्ये हे कळलं ते वर्तमानपत्रांतूनच.

आता आमच्याकडे बघा. तालुक्यात काही घडलं की घटनास्थळी पोचायच्या आत मोबाइलवर प्रेसनोट हजर. सोबत फोटो, मथळासुद्धा तयार. पेट्रोलचे पैसे कोण देणार, म्हणून अनेकदा तीच छापली जाते. जो जागेवर जाऊन वेगळं लिहितो, त्याला दुसऱ्या दिवशी फोन येतो, "साहेब, जाहिरातीचं बघू पुढच्या महिन्यात."

स्टीअरच्या बातमीने लढाई थांबली नाही, हेही खरं. बिल्बाओभोवतीच्या तटबंदीला 'पोलादी पट्टा' म्हणायचे. तो बांधणारा एक इंजिनिअरच आराखडे घेऊन शत्रूला जाऊन मिळाला होता. १९ जूनला शहर पडलं. बास्क सरकारने जाता जाता कारखाने उडवले नाहीत. उद्या आपल्याच कामगारांनी खायचं काय, असा विचार. ते शाबूत कारखाने फ्रँकोच्या कामी आले. ऑगस्टमध्ये सांतान्देर, ऑक्टोबरमध्ये खिखोन पडलं आणि उत्तरेचा विषय संपला.

स्पेनमध्ये ते खोटं नंतर कितीतरी वर्षं सरकारी सत्य म्हणून चाललं. तरी ते टिकलं नाही, कारण राख गरम असताना कुणीतरी तिथे जाऊन लिहून ठेवलं होतं.

म्हणून एवढंच सांगणं. आपल्या गावाबद्दलची बातमी ग्रुपवर आली, तर ढकलण्याआधी विचारा, तिथे कोण गेलं होतं? माझी बातमी असली, तर मलाही विचारा.