लेकीचं ग्रोनिंगन

लेक परदेशी ‘युरोपीय भाषा आणि संस्कृती’ शिकते म्हटलं, की आपल्याकडे पहिला प्रश्न, “त्याचं पुढे काय?” मीसुद्धा हेच विचारत होते हो! मग हॉलंडच्या उत्तरेला, ग्रोनिंगनला जाऊन आले. गाव सगळं सायकलींचं, विद्यापीठ १६१४ सालचं. पदवी तीन वर्षांची. निवडलेल्या भाषेबरोबर तिथला इतिहास, साहित्य, राजकारणही. लेकीनं स्पॅनिश घेतलंय.

याच विद्यापीठात १८७१ साली अलेटा याकोब्स शिकायला आली, पुढे डॉक्टर झाली. तिलाही कुणी ‘पुढे काय’ विचारलंच असेल, नाही का?

फिसमार्क्ट चौकातल्या बाजारात लेक भाजीवालीशी चक्क डच बोलत होती. मी आपली पिशवी धरून उभी.

“काय म्हणते ग?”

“गाजरं गोड आहेत म्हणते, आई.”