काशीची वाट आणि विमानाचें भाडें

काशीस जाऊं, काशीस जाऊं असें नुसतें म्हणत राहिल्यानेंहि पुण्य लागतें, अशी आपल्याकडील जुन्या माणसांची श्रद्धा आहे. ती खरी असल्यास आमच्या घरांत पुण्याचा मोठाच सांठा झाला असला पाहिजे. कारण आमच्या आत्याबाई गेलीं चाळीस वर्षें हेंच म्हणत आल्या होत्या. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं उत्तरेस निघाले, ते पुढें गंगेची कावड घेऊन घरीं परतले. आज मुंबईहून निघालेलें विमान अडीच तासांच्या आंत वाराणसीस पोंचतें. वाट एवढी सोपी होऊनहि मनुष्य घरींच कां राहतो? आमच्यापुरतें उत्तर असें कीं, भाडें उतरण्याची वाट पाहत बसल्यामुळें.

कार्तिकी पौर्णिमेची काशींतील देवदिवाळी एकदां डोळ्यांनीं पाहावी, अशी आत्याबाईंची इच्छा होती. २०२३ सालच्या निज श्रावणांत आम्हीं चौकशी केली, तेव्हां एका बाजूचें भाडें माणशीं ५,८०० रुपये होतें. शेजारच्या एका अनुभवी गृहस्थांनीं सांगितलें, "घाई करूं नका. शेवटीं शेवटीं रिकाम्या जागा कंपन्या मिळेल त्या किंमतीस विकतात. शिवाय मंगळवारीं मध्यरात्रीं पाहिल्यास भाव हमखास कमी असतो." आम्हीं सात-आठ मंगळवार जागून काढले. गणपति गेले, नवरात्र आलें आणि भाडें ९,००० वर गेलें. दिवाळींत तें १५,००० झालें. चौघांच्या जाण्यायेण्याचा हिशेब लाखाच्या वर जातांच आत्याबाईच म्हणाल्या, "असूं द्या, पुढच्या खेपेस पाहूं." त्या वेळीं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

आमचें चुकलें कोठें, हें आम्हांस मागाहून उमगलें. रेल्वेच्या बहुतेक गाड्यांचें भाडें अंतर आणि वर्ग यांवरून ठरलेलें असतें. जागा मिळते कीं नाहीं, एवढीच काय ती विवंचना. विमानाचें तसें नाहीं. एकाच विमानांतील एकाच वर्गाच्या जागांना कंपनी अनेक भाव लावते आणि प्रत्येक भावास थोड्या थोड्या जागा नेमून देते. खालच्या पायरीवरील जागा संपल्या कीं वरची पायरी उघडते. अमेरिकेंत १९७८ सालीं विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठविण्याचा कायदा झाला, त्यानंतर ही पद्धत तेथें विशेष बळावली. आपल्याकडे सरकारी मक्तेदारीचा कायदा १९९४ सालीं रद्द झाला आणि खाजगी कंपन्यांस वाव मिळाला.

मंडईंत सायंकाळीं भाजी स्वस्त होते, म्हणून विमानाची जागाहि शेवटीं स्वस्त होईल, असें आपणांस वाटतें. परंतु सायंकाळीं मंडईंत जाणारा काटकसरी असतो, तर शेवटच्या दिवशीं विमानाचें तिकीट मागणारा बहुधा नडलेला असतो. कोणाच्या घरीं आजारपण असतें, कोणास कचेरीचें बोलावणें असतें. असा मनुष्य मागतील तें देतो, हें कंपनी जाणते. म्हणून त्याच्याकरितां ती कांहीं जागा महाग भावानें राखूनच ठेवते.

तेव्हां संसारी माणसानें देशांतील साध्या दिवसांच्या प्रवासाचें तिकीट एक ते दोन महिने आधीं घ्यावें. दिवाळी, नाताळ किंवा मे महिन्याची सुटी असेल, तर तीन-चार महिने आधीं. परदेशीं मुलाबाळांकडे जावयाचें असल्यास तीन ते पांच महिने आधीं. तिकीट कोणत्या वारीं घेतलें यापेक्षां विमान कोणत्या वारीं उडतें, यास महत्त्व अधिक. मंगळवार-बुधवारचें किंवा अगदीं पहाटेचें विमान पुष्कळदां स्वस्त पडतें. दोन कंपन्यांचे भाव ताडून पाहतांना सामानाचा आकारहि त्यांत धरावा. आणि एकदां पटेल तें भाडें दिसतांच तिकीट घेऊन मोकळें व्हावें. मागाहून पुन्हां भाव पाहूं नये.

हें शहाणपण येऊन आम्हीं पुढील फाल्गुनांतील बुधवारचें तिकीट सात आठवडे आधीं घेतलें, तें ५,२०० रुपयांस. परंतु मधल्या मार्गशीर्षांत आत्याबाई अंगणांत घसरल्या होत्या आणि त्यांचा गुडघा कायमचा दुखावला होता. बाबतपूरच्या विमानतळापासून शहर सुमारें २५ किलोमीटर आहे. तो रस्ता त्यांनीं हात जोडूनच काढला. अहिल्याबाईंनीं उभारलेल्या विश्वेश्वराच्या मंदिरांत त्यांना चाकांच्या खुर्चींतून नेलें. दुर्गाघाटाकडील गल्लींत मराठी बोलणें कानीं पडतांच त्या लहान मुलीसारख्या हंसल्या. मात्र घाटाच्या पायऱ्या उतरणें त्यांना जमण्यासारखें नव्हतें. वरच्या पायरीवर त्या बसल्या. आम्हीं खालीं जाऊन लोटी भरून आणली आणि त्यांच्या पायांवर व मस्तकावर गंगा घातली.

"गंगाच वर आली," त्या म्हणाल्या, "आतां मला खालीं जायचें कारण उरलें नाहीं."

श्रावणांतील भाड्याशीं ताडून पाहतां आमचे माणशीं सहाशें रुपये वांचले होते. कार्तिकांत आत्याबाई त्या पायऱ्या स्वतःच्या पायांनीं उतरल्या असत्या. भाडें चढतें तसें उतरतेंहि. गुडघ्यांचें तसें नाहीं. म्हणून ज्यांच्या घरीं अशी कोणाची इच्छा राहिली असेल, त्यांनीं आधीं दिवस ठरवावा आणि भाव मागाहून पाहावा.